गुस्टाव किलियान

गुस्टाव किलियान (२ जून १८६०, माइन्त्स – २४ फेब्रुवारी १९२१, बर्लिन) हे जर्मन नाक-कान-घसा शल्यचिकित्सक आणि शरीररचनेचे अभ्यासक होते. श्वासनलिकेच्या शाखांमध्ये नळी घालून आत पाहण्याच्या तंत्राचे, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपीचे, ते जनक मानले जातात. त्यांचे नाव सर्वसामान्यपणे याच कामासाठी घेतले जाते. मात्र हयातीत त्यांची कीर्ती तितकीच दुसऱ्या एका कामामुळे पसरली होती. कपाळाच्या हाडातील पोकळीत, म्हणजे फ्रंटल सायनसमध्ये, साचणारा पू काढण्यासाठी त्यांनी १९०३ साली एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. रोग्याचा जीव वाचवावा, पण त्याचा चेहरा विद्रूप होऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता. ही शस्त्रक्रिया आज जवळजवळ वापरात नाही. तिच्यासाठी त्यांनी केलेला शरीररचनेचा अभ्यास मात्र अजूनही उपयोगात आहे.

शिक्षण आणि सुरुवातीची वर्षे

किलियान यांचा जन्म ऱ्हाइन नदीकाठच्या माइन्त्स शहरात झाला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग आदी विद्यापीठांत झाले. त्या काळी जर्मन विद्यार्थ्यांमध्ये एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जात शिक्षण पुरे करण्याची पद्धत होती. पदवीनंतर ते बर्लिनला गेले. तेथे आर्थर हार्टमान आणि बर्नहार्ड फ्रेंकेल यांच्याकडे त्यांनी नाक, कान आणि स्वरयंत्राच्या रोगांचा अनुभव घेतला. यांपैकी फ्रेंकेल यांच्याच आसनावर पुढे पाव शतकाने किलियान बसणार होते.

नाक-कान-घसा हा त्या वेळी स्वतंत्र विषय म्हणून नुकताच आकार घेत होता. कानाचे वैद्य वेगळे आणि स्वरयंत्राचे वेगळे असत. नाकाच्या आतल्या शस्त्रक्रिया बहुतेक सामान्य शल्यचिकित्सक, आणि कधीकधी नेत्रवैद्यही, करीत. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनचा बधिर करणारा गुण डोळ्याच्या शस्त्रक्रियेत दाखवून दिला. काही काळातच नाकात आणि घशातही कोकेनचा वापर सुरू झाला. रोगी जागा असताना, त्याला खोकला किंवा उबळ येऊ न देता, नाकाच्या आणि घशाच्या आत शांतपणे काम करता येणे यापूर्वी शक्य नव्हते. किलियान यांची पिढी ही या सोयीचा लाभ मिळालेली पहिली पिढी होय.

१८८७ च्या सुमारास फ्रायबुर्ग विद्यापीठातील नाक व स्वरयंत्राच्या बाह्यरुग्ण विभागाची सूत्रे किलियान यांच्याकडे आली. त्यांच्या आधीचे प्रमुख विल्हेल्म हाक तरुण वयातच वारले होते. विभाग लहान होता आणि साधनेही बेताची होती. तरीही पुढील सुमारे चोवीस वर्षे किलियान तेथेच राहिले, आणि त्यांचे जवळजवळ सर्व महत्त्वाचे काम याच काळातले आहे.

नाकाच्या रचनेचा अभ्यास

किलियान यांच्या कामाची पद्धत ठरलेली होती. आधी शवविच्छेदनगृह, मग साधनांची जुळवाजुळव, आणि शेवटी रोगी. फ्रायबुर्गमधील सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी मानवी गर्भांच्या नाकाचा बारकाईने अभ्यास केला. नाकाच्या बाजूच्या भिंतीवर गर्भावस्थेत कोणत्या घड्या आणि कोणत्या खोबणी तयार होतात, त्यांतल्या कोणत्या पुढे नाहीशा होतात आणि कोणत्या वाढून सायनस बनतात, याची त्यांनी क्रमवार नोंद केली. हा लेख १८९०च्या दशकाच्या मध्यास प्रसिद्ध झाला.

व्यवहारात या अभ्यासाचे महत्त्व मोठे होते. कपाळातील सायनस जन्माच्या वेळी जवळजवळ नसतोच. नाकाच्या वरच्या भागातील एक लहानशी खळगी बालपणात हळूहळू वर कपाळाच्या हाडात शिरते, आणि किशोरवयाच्या अखेरीस तिला पूर्ण आकार येतो. तिची वाट एथमॉइड हाडातील लहान लहान वायुकोशांच्या गर्दीतून जाते. हे कोश प्रत्येक माणसात निराळ्या रीतीने वाढलेले असतात. त्यामुळे सायनस आणि नाक यांना जोडणारा मार्ग कोणात सरळ, कोणात वाकडा, तर कोणात चहूबाजूंनी दाबलेला असतो. या मार्गाच्या खालच्या भागाला आज 'फ्रंटल रिसेस' म्हणतात. या संज्ञेचे श्रेय किलियान यांना दिले जाते. त्यापूर्वीच्या अनेक ग्रंथांत तेथे एक सरळ नळी असल्याचे गृहीत धरले जाई. तशी नळी बहुतेकांत नसते, हे गर्भाच्या अभ्यासातून स्पष्ट झाले.

१९०३ मध्ये नाकाच्या सायनसांचे शेजारच्या अवयवांशी असलेले संबंध दाखवणारा त्यांचा चित्रसंग्रह येना येथून प्रसिद्ध झाला. लवकरच त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. सायनस म्हणजे केवळ हाडातली पोकळी, असे न पाहता तिच्या प्रत्येक भिंतीपलीकडे काय आहे ते दाखवणे हा या ग्रंथाचा उद्देश होता. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या दृष्टीने हाच प्रश्न खरा महत्त्वाचा असतो.

कपाळातील सायनसचे शेजारी

किलियान यांच्या शस्त्रक्रियेचे महत्त्व कळण्यासाठी या जागेची ओळख करून घेणे आवश्यक आहे. कपाळातील सायनस दोन असतात. ते भुवयांच्या आतल्या टोकांच्या वर, मधल्या एका पातळ हाडी पडद्याने वेगळे झालेले असतात. हा पडदा क्वचितच बरोबर मध्यावर असतो. एका बाजूचा सायनस कपाळभर पसरलेला आणि दुसरा करंगळीच्या टोकाएवढा, असेही दिसते. काहींमध्ये एक किंवा दोन्ही सायनस तयारच होत नाहीत. म्हणून केवळ कपाळ बघून आत काय आहे याचा अंदाज करणे धोक्याचे ठरते.

सायनसची पुढची भिंत जाड असते. मागची भिंत पातळ असते, आणि तिला लागूनच मेंदूचे आवरण व त्यामागे मेंदूचा पुढचा भाग असतो. तळाची भिंत सर्वांत पातळ असून तीच डोळ्याच्या खोबणीचे छत असते. या खोबणीच्या आतल्या-वरच्या कोपऱ्यात तंतूंची एक लहानशी कप्पी असते. डोळा फिरवणाऱ्या एका स्नायूची दोरी तिच्यावरून वळते. ही कप्पी हाडापासून सुटली तर रोग्याला एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसू लागतात. भुवईच्या कडेने कपाळाच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा वर जातात. त्या कापल्या तर कपाळ आणि टाळूचा काही भाग बधिर होतो.

नाकाच्या बाजूने धोके आणखी आहेत. नाकाचे छत म्हणजे चाळणीसारखी छिद्रे असलेली हाडाची एक पट्टी. त्या छिद्रांतून वास घेणाऱ्या चेता खाली उतरतात. या पट्टीची बाजूची भिंत कवटीच्या तळातील अत्यंत पातळ हाडांपैकी एक आहे. तिला धक्का लागला तर मेंदूभोवतीचा द्रव नाकात गळू लागतो आणि जंतूंना आत जायला वाट मिळते. एथमॉइडच्या छतावरून एक बारीक धमनी डोळ्याच्या खोबणीतून कवटीकडे जाते. ती तुटली आणि तिचे टोक खोबणीत मागे सरकले, तर तेथे रक्त साठते आणि दाबामुळे दृष्टी जाऊ शकते.

शस्त्रक्रिया टाळावी म्हटले तरी सुटका नसे. सायनसच्या भिंतींतील शिरांना झडपा नसतात. पू साचून राहिला तर संसर्ग या शिरांवाटे हाडात, मेंदूच्या आवरणात किंवा प्रत्यक्ष मेंदूत पोहोचू शकतो. अशा वेळी कपाळावर मऊ सूज येते आणि हाड सडू लागते. मेंदूत गळू होऊन रोगी दगावतो. जंतुनाशक प्रतिजैविके वापरात येण्यास अजून चार दशकांचा अवधी होता. तेव्हा हात लावावा तरी धोका आणि न लावावा तरी धोका, अशी शल्यचिकित्सकाची स्थिती होती.

आधीचे प्रयत्न

१८८४ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी पुढच्या भिंतीला छिद्र पाडून सायनस धुण्याची आणि नाकाकडची वाट मोठी करण्याची पद्धत मांडली. स्टॅफिलोकॉकस या जंतूंना ओळख मिळवून देणारे ऑगस्टन हेच. पॅरिसच्या आंरी ल्युक यांनीही तशीच शस्त्रक्रिया पुढे नेली. या पद्धतीत चेहऱ्याची हानी कमी होई, पण रुंद केलेली वाट थोड्याच दिवसांत पुन्हा बुजे आणि पू परत साचे.

मग पावले उलट दिशेने पडली. नेत्रवैद्य हेर्मान कून्ट यांनी १८९५ मध्ये पुढची सगळी भिंत काढून टाकली. कपाळाची त्वचा थेट मागच्या भिंतीवर टेकून पोकळीच नाहीशी व्हावी, हा त्यामागचा विचार होता. येना येथील बर्नहार्ड रीडेल यांची १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत त्याहून पुढे गेली. त्यांनी पुढच्या भिंतीबरोबर तळाची भिंत आणि भुवईखालची हाडाची कडाही काढली. रोगाचा निकाल लागण्याच्या दृष्टीने ही पद्धत खात्रीची होती. परंतु सायनस मोठा असेल तर रोग्याच्या कपाळावर आणि भुवईच्या जागी खोल खड्डा पडे, आणि तो आयुष्यभर राही. पू गेला तरी असा चेहरा घेऊन समाजात वावरणे अनेकांना कठीण वाटले असणार. या पद्धतीने बरे झालेल्या रोग्यांची जुनी छायाचित्रे पाहिली की याची कल्पना येते.

किलियान यांची शस्त्रक्रिया

किलियान यांनी या दोन टोकांच्या मधली वाट शोधली. भुवईतून जाणारी आणि पुढे नाकाच्या बाजूने खाली वळणारी छेदरेषा त्यांनी निवडली. व्रण बराचसा भुवईच्या केसांत लपावा, हा त्यातला एक हेतू. त्यानंतर भुवईच्या कडेवर हाडाची सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी त्यांनी तशीच राखली. या पट्टीच्या वर पुढची भिंत आणि तिच्या खाली तळाची भिंत छिन्नीने काढली जाई. भुवईखालची कड जागच्या जागी राहिल्यामुळे कपाळाची उठावदार रेषा टिके. या पट्टीला 'किलियान यांचा पूल' असे नाव पडले.

पूल राखण्यापेक्षाही अधिक विचार तळाच्या बाजूला होता. केवळ सायनस रिकामा करून भागत नाही, हे गर्भाच्या नाकांवरील कामातून किलियान यांना ठाऊक होते. पुवाचा उगम बहुधा शेजारच्या एथमॉइड कोशांतही असतो, आणि नाकाकडची वाट अडवणारेही तेच असतात. म्हणून त्यांनी वरच्या जबड्याच्या हाडाचा नाकाकडे चढणारा भाग काढून त्या वाटेने पुढचे एथमॉइड कोश स्वच्छ केले. छेद बाहेरून असल्याने डोळ्याची खोबण आणि कवटीचा तळ दोन्ही नजरेसमोर राहत. नाकातून आंधळेपणाने खरवडण्यात जो धोका होता, तो येथे बराच कमी झाला. शेवटी नाकाच्या श्लेष्मल त्वचेचा एक पदर वळवून त्याने नवीन वाटेच्या कडेला अस्तर दिले जाई. उघड्या हाडावर व्रणऊती वाढते आणि वाट बुजते, पण जिवंत अस्तर असेल तर ती उघडी राहण्याची शक्यता वाढते. ऑगस्टन-ल्युक पद्धतीच्या अपयशाचे हे नेमके उत्तर होते.

कप्पीबाबतही त्यांनी विचार केला होता. तिला स्वतंत्रपणे न सोडवता हाडावरच्या आवरणासकट उचलावे आणि शेवटी ते आवरण जागेवर बसवावे, म्हणजे ती आपोआप मूळ जागी परत येईल, अशी त्यांची योजना होती. शस्त्रक्रियेनंतर काही काळ वस्तू दुहेरी दिसत, परंतु बहुतेकांत हा दोष ओसरे.

ही पद्धत युरोप आणि अमेरिकेत झपाट्याने पसरली. पुढील दोन दशके कपाळातील सायनसच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा तो मानदंड होता. परंतु तिच्या मर्यादाही हळूहळू उघड झाल्या. वर आणि खाली दोन्हीकडून हाड काढल्याने मधल्या पुलाचा रक्तपुरवठा तुटे. काही रोग्यांत हा पूल मरून सडे, आणि मग जो खड्डा टाळण्यासाठी तो राखला तोच पदरी येई. सायनस उंच असला तर पुलाच्या वर कपाळ आत दबेच. नाकाकडची वाट अस्तर देऊनही अनेकदा आक्रसे. बंद झालेल्या पोकळीत श्लेष्मा साचून वर्षांनंतर फुगवटी येई आणि डोळा खाली ढकलला जाई. आजार पूर्ण काढावा की रचना जपावी, हा वाद किलियान यांच्या शस्त्रक्रियेने संपला नाही. पण पुढचा सर्व वाद तिच्याच चौकटीत झाला.

न्यू ऑर्लिन्सचे रॉबर्ट लिंच आणि लंडनचे वॉल्टर हॉवर्थ यांनी १९२१ मध्ये, म्हणजे किलियान यांच्या निधनाच्याच वर्षी, पुढची भिंत मुळीच न काढता केवळ तळाच्या बाजूने जाण्याची पद्धत मांडली. त्यांनी किलियान यांच्या शस्त्रक्रियेचा खालचा अर्धा भाग ठेवला आणि वरचा सोडून दिला, असे म्हणता येईल. पुढे शतकाच्या मध्यास अमेरिकेत पुढची भिंत झाकणासारखी उघडून पुन्हा बसवण्याची पद्धत रूढ झाली. सायनसचा आकार माणसागणिक वेगळा असल्याने त्यासाठी क्ष-किरण चित्रावरून कापलेला साचा कपाळावर ठेवून रेषा आखत. विसाव्या शतकाच्या शेवटी दुर्बीण आणि सीटी स्कॅन आल्यावर बहुतेक शस्त्रक्रिया नाकातूनच होऊ लागल्या. जर्मनीतील वोल्फगांग ड्राफ यांनी १९९१ मध्ये त्यांचे तीन टप्पे सांगितले. आता शल्यचिकित्सक सुरुवातीलाच सीटी चित्रात कोश मोजतो, नाकाच्या छताची खोली पाहतो, धमनीची जागा हेरतो. फ्रंटल रिसेसमधील कोशांची ही मोजदाद म्हणजे किलियान यांनी गर्भांच्या नाकांत केलेल्या मोजणीचेच वेगळ्या साधनाने केलेले रूप आहे.

श्वासनलिकेतील हाड

ब्रॉन्कोस्कोपीची कथा याआधीची आहे. १८९५ मध्ये बर्लिनच्या आल्फ्रेड किर्श्टाइन यांनी आरशाशिवाय, सरळ नळीतून स्वरयंत्र पाहता येते हे दाखवले. किलियान यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला: नळी स्वरयंत्राच्या पलीकडे का नेऊ नये? श्वासनलिकेच्या शाखांना धक्का लावला तर त्या फाटतील, असा सार्वत्रिक समज होता. मृतदेहांवर आणि नंतर रोग्यांवर पाहता किलियान यांना त्या लवचीक आढळल्या. त्या नळीबरोबर बाजूला सरकत आणि नळी काढताच जागेवर येत.

३० मार्च १८९७ रोजी ६३ वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या उजव्या मुख्य शाखेत अडकलेला डुकराच्या हाडाचा तुकडा त्यांनी याच मार्गाने काढला. साधन म्हणून अन्ननलिका पाहण्याची एक सरळ नळी वापरली होती आणि बधिरीकरण कोकेनचे होते. सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीचे हाड तोंडावाटे बाहेर आले आणि बाहेरून एकही छेद द्यावा लागला नाही. तोपर्यंत फुप्फुसाच्या वाटेत अडकलेली वस्तू म्हणजे बहुधा दीर्घ आजार किंवा मृत्यू, असेच समीकरण होते. पहिला अहवाल त्यांचे सहकारी कोलोफ्राट यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकेत शेव्हॅलियर जॅक्सन यांनी या तंत्राला फार मोठे स्वरूप दिले.

त्यानंतरच्या वर्षांत टाचण्या, नाणी, बिया, मणी गिळलेली किंवा श्वासात ओढलेली मुले लांबून फ्रायबुर्गला येऊ लागली. रोग्यांबरोबर निरनिराळ्या देशांतील वैद्यही शिकायला येत. जपानचे इनोकिची कुबो हे त्यांतले एक. मायदेशी परतून त्यांनी फुकुओका येथे नाक-कान-घसा विभागाची घडी बसवली. हे कुबो कवी म्हणूनही प्रसिद्ध होते. सहकाऱ्यांपैकी विल्हेल्म ब्र्यूनिंग्स यांनी ब्रॉन्कोस्कोपमध्ये महत्त्वाच्या सुधारणा केल्या. कार्ल फॉन आयकेन यांनी पुढे बर्लिनमध्ये किलियान यांचेच पद भूषवले.

इतर काम

नाकाचा वाकडा पडदा सरळ करण्याची किलियान यांची पद्धत १९०४ सालची आहे. श्लेष्मल त्वचा दोन्ही बाजूंनी अलग करून फक्त आतले वाकडे कूर्चा-हाड काढायचे, मात्र नाकाच्या कण्याला आधार देणारी पुढची व वरची पट्टी राखायची, असे तिचे स्वरूप होते. आधार राखण्याची दृष्टी येथेही दिसते. ती पट्टी काढली तर नाक खचते. शिकागोचे ओटो फ्रीअर यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशीच पद्धत मांडली. भारतातील वैद्यकीय विद्यार्थी 'एसएमआर' या संक्षिप्त नावाने ही शस्त्रक्रिया शिकतात, आणि किलियान यांचा छेद व फ्रीअर यांचा छेद यांतील फरक तोंडी परीक्षेत हमखास विचारला जातो. नाकाच्या मधल्या भागात खोल पाहण्यासाठी त्यांनी घडवलेला लांब पात्यांचा स्पेक्युलमही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१९०६ मध्ये त्यांनी गालाच्या सायनसमध्ये उगम पावून नाकाच्या मागच्या दारातून घशात लोंबणाऱ्या एकाकी पॉलिपचे मूळ दाखवून दिले. तोपर्यंत तो नाकातच उगवतो असे समजून फक्त दिसणारा भाग काढत, आणि तो पुन्हा वाढे. १९०८ च्या सुमारास त्यांनी घशाच्या मागच्या भिंतीतील स्नायूंमधल्या एका दुबळ्या त्रिकोणाकडे लक्ष वेधले. वयोवृद्धांमध्ये अन्नाची पिशवी येथूनच बाहेर फुगते. अन्ननलिकेत कडक नळी घालताना भोक पडण्याचा धोकाही येथेच सर्वांत जास्त असतो. पाठ्यपुस्तकांत या जागेला 'अश्रूंचे द्वार' म्हणतात. आपल्याच आवडत्या साधनाचा सर्वांत मोठा धोका कोठे आहे, हे किलियान यांनी अशा रीतीने स्वतःच शोधून दाखवले.

१९०९ पासून त्यांनी टांगत्या स्वरयंत्रदर्शनाचे तंत्र विकसित केले. एका मृतदेहाच्या स्वरयंत्राचे चित्र काढून घेताना चित्रकारासाठी हात मोकळे हवेत, म्हणून त्यांनी डोके लोंबते ठेवून जीभ आणि जबडा एका आकड्याने चौकटीला अडकवला, आणि त्यातून ही कल्पना सुचली असे सांगितले जाते. शल्यचिकित्सकाचे दोन्ही हात मोकळे राहू लागल्याने स्वरयंत्रातील नाजूक काम शक्य झाले. त्यात सुधारणा करणाऱ्यांत न्यू ऑर्लिन्सचे लिंच प्रमुख होते. किलियान यांच्या सायनस शस्त्रक्रियेला पर्याय देणारे लिंच ते हेच.

बर्लिन आणि अखेर

१९०७ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांचे मोठे स्वागत झाले. १९११ मध्ये फ्रेंकेल यांच्या जागी त्यांना बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात बोलावणे आले. जर्मन वैद्यकविश्वातील हे अत्यंत मानाचे पद होते. पहिल्या महायुद्धाने तेथील शांत संशोधनाला खीळ बसली, आणि युद्धानंतरच्या बर्लिनमध्ये परिस्थिती बिकटच होती. वयाच्या साठाव्या वर्षी, २४ फेब्रुवारी १९२१ रोजी, त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुत्र हान्स किलियान (१८९२–१९८२) हेही शल्यचिकित्सक होते. भूलशास्त्रावरील त्यांचे काम आणि शल्यचिकित्सकाच्या आयुष्यावरील त्यांची लोकप्रिय पुस्तके जर्मनीत परिचित आहेत. त्यांनी वडिलांचे चरित्र लिहिले असून ते १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले.